विश्लेषण : पहिले नांगर खपायला दोन वर्षं! लक्ष्मणराव किर्लोस्करांनी माळरानावर कारखाना कसा उभा केला?

मोबाइलवर फिरणाऱ्या प्रेरणादायी व्हिडिओंमध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट अर्ध्या मिनिटात संपते. सायकलचं दुकान, मग लोखंडी नांगर, मग ओसाड माळावर कारखाना आणि शेवटी मोठा उद्योगसमूह. एकट्या माणसाची जिद्द, असा तिचा सूर असतो.

ही गोष्ट खोटी नाही. पण ज्याला आज स्वतःचा उद्योग सुरू करायचा आहे, त्याच्या कामाचा भाग तिच्यातून नेमका गळून जातो. माल खपत नव्हता त्या काळात काय केलं? जागा हातची गेली तेव्हा नवी कोणी दिली? इंजिनीअरिंगची पदवी नसलेल्या माणसाला बिडाच्या ओतकामातलं कसं कळलं? आणि हाताखाली पदवीधर नसताना कारखाना चालवला कोणी? या प्रश्नांची उत्तरं पाहिली की 'एकट्याची जिद्द' हे वर्णन अपुरं वाटू लागतं.

रंग ओळखता येत नव्हते, मग ड्रॉइंगचे शिक्षक कसे झाले?

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी तेव्हाच्या बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर इथे झाला. मराठी संगीत नाटकाचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्करही याच गावचे. त्यामुळे त्या काळी किर्लोस्कर म्हटलं की लोकांना नाटक आठवायचं, यंत्र नव्हे.

वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. मुलाचं लक्ष मात्र शाळेच्या पुस्तकांपेक्षा चित्रांत आणि यंत्रांच्या खुडबुडीत. मुंबईला जाऊन चित्रकला शिकायची, हा बेत वडिलांना पटण्यासारखा नव्हता. थोरले भाऊ रामुअण्णा पाठीशी उभे राहिले आणि १८८५ मध्ये लक्ष्मणराव जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले.

तिथे एक वेगळीच अडचण पुढे आली. त्यांना काही रंगांतला फरक ओळखता येत नव्हता. आज ज्याला रंगांधळेपण म्हणतात, त्याचा हा अंशतः प्रकार. चित्रकार व्हायला निघालेल्या मुलासाठी हा दरवाजा बंद झाल्यातच जमा होता.

पण यंत्राच्या आराखड्याला रंग लागत नाहीत. लागते ती अचूक रेषा, माप, आणि तीच वस्तू समोरून, वरून, बाजूने कशी दिसेल हे डोक्यात फिरवून पाहण्याची ताकद. लक्ष्मणराव मेकॅनिकल ड्रॉइंगकडे वळले. १८८७ मध्ये मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट, म्हणजे आजचं व्हीजेटीआय, सुरू झालं होतं. तिथे त्यांना हाच विषय शिकवण्याची नोकरी मिळाली.

नोकरी ड्रॉइंगची, पण मोकळा वेळ जायचा तो संस्थेच्या वर्कशॉपमध्ये. कागदावर काढलेला भाग प्रत्यक्ष कापताना, घासताना, जोडताना काय होतं, हे त्यांनी तिथे हाताने शिकून घेतलं. ज्यांनी इंजिनीअरिंग केलं आहे त्यांना हा फरक वेगळा सांगायला नको. ड्रॉइंग शीटवर जुळलेलं माप फिटिंगच्या टेबलावर जुळेलच असं नाही.

नोकरी का सोडली?

बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन व्यक्तीला देण्यात आली. ब्रिटिश अमलात हे नेहमीचंच होतं. त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगावची वाट धरली.

व्हिडिओंमध्ये हा प्रसंग अपमान आणि राजीनामा अशा नाट्यमय कट्समध्ये येतो. प्रत्यक्षात बेळगावात पाय टेकायला जागा आधीच तयार होती. मुंबईत पहिल्यांदा सायकल पाहिल्यावर त्यांना तिच्यातला धंदा दिसला होता. नोकरीत असतानाच ते मुंबईतून सायकली घेऊन बेळगावला पाठवायचे आणि रामुअण्णा तिथे विकायचे. या दुकानाची सुरुवात १८८८ सालची मानली जाते. त्याच वर्षी डनलॉपने हवेचा टायर तयार केला, यावरून सायकल ही वस्तू तेव्हा किती नवी होती याची कल्पना येईल. गिऱ्हाइकाने सायकल घेतली तरी ती चालवणार कोण? म्हणून रामुअण्णा पैसे घेऊन सायकल शिकवायचेही. 'किर्लोस्कर ब्रदर्स' हे नाव याच दुकानाचं. बेळगावात आजही किर्लोस्कर रोड आहे.

एक भाऊ मुंबईत खरेदी करतोय, दुसरा बेळगावात विकतोय आणि पगार चालू आहे. आजच्या भाषेत सांगायचं तर धंद्याची चाचणी झाल्यावरच नोकरी सुटली.

लोखंडी नांगराला शेतकरी नाही का म्हणत होते?

सायकलचा धंदा चालू असताना लक्ष्मणरावांचं लक्ष शेतीच्या अवजारांकडे गेलं. पहिली वस्तू होती कडबा कापण्याचं यंत्र. ज्वारीचा कडबा अख्खा टाकला तर जनावर पानं खातं आणि बुडखे तुडवतं. बारीक तुकडे केले तर चारा वाया जात नाही. फायदा डोळ्यांना दिसणारा होता.

नांगराचं तसं नव्हतं. १९०३ च्या सुमारास त्यांनी लोखंडी नांगर बनवला आणि तो पडून राहिला. लोखंडामुळे जमीन विषारी होईल, अशी भीती शेतकऱ्यांमध्ये होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली.

याला नुसती अंधश्रद्धा म्हणून हसण्यात अर्थ नाही. लाकडी नांगर गावचा सुतार बनवायचा, मोडला तर तोच दुरुस्त करायचा आणि मोबदला बलुत्यात जायचा. लोखंडी नांगरासाठी रोख रक्कम मोजावी लागणार, मोडला तर सुटा भाग लांबून येणार आणि पीक बुडालं तर वर्ष जाणार. ज्याच्या हातात वर्षाला एकच हंगाम आहे, त्याने नव्या वस्तूवर संशय घेणं हा हिशेबच म्हणायला हवा.

नांगराचं तंत्रही समजून घ्यायला हवं. लाकडी नांगर माती फाडत जातो. लोखंडी नांगराला फाळाच्या मागे वळणदार पत्रा असतो. तो मातीचं ढेकूळ उचलून उलटं टाकतो. त्यामुळे खालची माती वर येते आणि हरळी, कुंदा यांसारख्या चिवट तणांची मुळं उन्हात पडून वाळतात. दख्खनच्या काळ्या जमिनीत ही तणं म्हणजे शेतकऱ्याची कायमची डोकेदुखी. पण खोल जाणारा नांगर ओढायला बैलही जास्त लागतात.

खरी कसोटी फाळाच्या टोकाची होती. टोक मऊ राहिलं तर खडकाळ रानात लवकर झिजतं आणि फार कडक केलं तर दगडाला लागून तडकतं. बीड ओतताना ते किती वेगाने थंड होतं यावर हा कडकपणा ठरतो. साच्याच्या एका बाजूला धातूचा तुकडा ठेवला तर त्या बाजूचं बीड झपाट्याने थंड होऊन कडक बनतं आणि बाकीचा भाग तुलनेने चिवट राहतो. फाउंड्रीत याला चिलिंग म्हणतात. ऐकायला सोपं, पण प्रमाण जमेपर्यंत ओतलेला माल भंगारातच जातो.

सुरुवातीच्या नांगरांच्या टोकाबद्दल गिऱ्हाइकांच्या तक्रारी आल्या. लक्ष्मणराव त्या तक्रारी ऐकून घेत, त्यातून सुधारणा करत. कटकट करणारं गिऱ्हाईक हे त्यांच्या लेखी कामाचं गिऱ्हाईक होतं, कारण कारखान्यात न दिसणारा दोष शेतात त्यालाच दिसायचा.

रोजच्या सवयी कोणत्या होत्या?

यशस्वी माणूस पहाटे किती वाजता उठायचा, हे वाचायला सगळ्यांना आवडतं. लक्ष्मणरावांच्या बाबतीत त्यापेक्षा महत्त्वाच्या दोन गोष्टी आहेत.

पहिली, वाचन. इंग्रजी तांत्रिक पुस्तकं आणि अमेरिकेतून येणारी मासिकं हेच त्यांचं कॉलेज होतं. बेळगावात ओतकामातला जाणकार शेजारी मिळणं शक्य नव्हतं, तेव्हा हजारो मैलांवरच्या कारखान्यांत काय चाललंय ते ही मासिकं सांगत. यंत्रांबरोबर कामगारांच्या वसाहती कशा बांधल्या जातात, हेही त्यांना अशाच वाचनातून कळलं. इंग्लंड-अमेरिकेत मोठे कारखानदार कामगारांसाठी आखीव गावं वसवत होते. ती कल्पना त्यांच्या डोक्यात बसली, आणि पुढे उपयोगी पडली.

दुसरी, स्वतःच्या हाताने काम करणं. वाचलेलं लगेच करून पाहायचं, बिघडलं तर पुन्हा रेखाटन. ड्रॉइंगच्या मास्तराचा हा स्वभाव शेवटपर्यंत सुटला नाही.

बेळगाव का सोडावं लागलं?

नांगर खपू लागला, कारखाना जरा स्थिरावला आणि जागाच गेली. बेळगाव नगरपालिकेला शहराच्या वाढीसाठी ती जमीन हवी होती. भट्टी, यंत्रं, साचे घेऊन जायचं कुठे?

इथे गोष्टीत औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी येतात. सूर्यनमस्काराचे प्रचारक म्हणून ते आज आठवले जातात, पण ते स्वतः चित्रकारही होते. लक्ष्मणरावांशी त्यांचा स्नेह होता. हातातला कारखाना बंद पडण्याच्या बेतात असताना औंधमधलं एक बांधकाम लक्ष्मणरावांकडे आलं. पुढे राजांनी कर्जाची मदत केली आणि संस्थानाच्या हद्दीत, कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळ जमीन देऊ केली.

३२ एकर. निवडुंग माजलेला, नागांचा सुळसुळाट असलेला माळ. पाण्याची वानवा. एकच गोष्ट जमेची होती, शेजारून जाणारी रेल्वे. नांगराचा धंदा म्हणजे वजनाचा धंदा. कच्चं लोखंड आणि कोळसा येणार रेल्वेने, तयार माल जाणारही रेल्वेनेच. बैलगाडीवर हा हिशेब जमला नसता. त्यामुळे निवडुंगाच्या माळाची निवड वाटते तितकी वेडी नव्हती.

१० मार्च १९१० हा किर्लोस्करवाडीचा स्थापना दिवस मानला जातो. मूठभर कामगार कुटुंबांसह आले, निवडुंग तोडला, राहायला आडोसे उभारले आणि मग कारखाना. आज हे ठिकाण सांगली जिल्ह्यातील पलूस तालुक्यात येतं.

पदवीधर नसलेली टीम कारखाना कशी चालवत होती?

या सगळ्या कहाणीतला सर्वांत कमी सांगितला जाणारा आणि सर्वांत शिकण्यासारखा भाग हा आहे.

गावाची आखणी आणि कारभार रामुअण्णांकडे होता. ज्या भावाने मुंबईला पाठवलं, सायकली विकल्या, त्यानेच आता रस्ते, घरं आणि पाणी पाहायचं. यंत्रांची देखभाल शंभूराव जांभेकरांकडे. विक्री आणि पडेल ते काम के. के. कुलकर्णींकडे. हिशेब आणि कचेरी मंगेशराव रेग्यांकडे. आणि अनंतराव फळणीकर. शालेय शिक्षणही पुरं न झालेला हा माणूस कल्पक इंजिनीअर म्हणून ओळखला गेला.

आजच्या भरतीच्या भाषेत यातले बहुतेक बायोडेटा पहिल्याच चाळणीत बाद झाले असते. लक्ष्मणरावांकडे निवडीला फारसा वाव नव्हता, हेही खरं. कुंडलच्या माळावर पदवीधर इंजिनीअर यायला तयार झाला असता का? पण नाइलाजाने घेतलेल्या माणसांवर नाइलाजाने विश्वास ठेवणं वेगळं आणि त्यांच्या हातात आख्खं खातं देऊन टाकणं वेगळं. त्यांनी दुसरं केलं. स्वतःला बढती नाकारली गेली ती कामावरून नव्हे, हे ज्याने अनुभवलं आहे त्याला माणूस कामावरून जोखण्याचं मोल कळलं असावं.

याचं टोकाचं उदाहरण म्हणजे वाडीचे रखवालदार. रात्रीच्या पहाऱ्यावर त्यांनी शिक्षा भोगून आलेल्या माणसांना नेमलं. पंचक्रोशीत ज्यांच्या नावाने लोक दारं लावून घेत, त्यांच्याच हाती मालमत्तेची राखण. याच औंध संस्थानात १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. 'दो आँखें बारह हाथ' चित्रपटामागची प्रेरणा तीच. तिच्या कितीतरी आधी किर्लोस्करवाडीत हा प्रयोग छोट्या प्रमाणात होऊन गेला होता.

वाडीत अस्पृश्यता पाळायला बंदी होती. १९१० च्या दशकात, ग्रामीण भागात हा नियम लावणं म्हणजे कामगार सोडून जाण्याचा धोका पत्करणं.

अर्थात कंपनीच्या गावाची दुसरी बाजूही असते. नोकरी देणारा, घर देणारा आणि गावचे नियम ठरवणारा मालक एकच. नोकरी गेली की घरही जातं. मालक सज्जन असेपर्यंत ही व्यवस्था सुखाची वाटते. किर्लोस्करवाडीचं कौतुक करताना हे बाजूला ठेवता येत नाही.

तोफांचे नांगर झाले ते कधी?

१९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि विलायती नांगरांची आवक घटली. बाजार मोकळा झाला. हे किर्लोस्करांचं नशीब म्हणायला हरकत नाही. पण त्याच युद्धाने कच्चं लोखंड, कोळसा, रंग यांचीही टंचाई केली. मागणी आहे आणि ओतायला बीड नाही, अशी कोंडी.

त्या वेळी कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी आपल्याकडच्या जुन्या, निकामी तोफा लक्ष्मणरावांना दिल्या. त्या वितळवून नांगर ओतले गेले. औंधच्या जमिनीनंतर संस्थानिकाकडून मिळालेली ही दुसरी मोठी मदत. आजच्या नवउद्योजकांना गुंतवणूकदार शोधावे लागतात; लक्ष्मणरावांच्या काळी बँका अशा धंद्याला उभं करत नव्हत्या आणि इंग्रज सरकारला देशी कारखान्याचं प्रेम नव्हतं. संस्थानिक हाच त्यांचा आधार होता. ही मदत ज्यांच्या शब्दाला वजन होतं त्यांनाच मिळत होती, आणि ते वजन लक्ष्मणरावांनी वीस वर्षं खपून कमावलं होतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

पुढच्या पिढीला काय दिलं?

१९२० मध्ये 'किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड' कंपनी झाली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं. मुळात ते कारखान्याच्या मालाची माहिती देणारं पत्रक. त्यातूनच 'किर्लोस्कर' मासिक आणि पुढे १९३० मध्ये 'स्त्री', १९३४ मध्ये 'मनोहर' ही मासिकं उभी राहिली. नांगराच्या जाहिरातीतून निघालेल्या या रोपट्याने मराठी मध्यमवर्गाला विज्ञाननिष्ठा आणि स्त्री-पुरुष समतेचे विषय घरपोच दिले. कोणत्याही व्यवसाय आराखड्यात ही ओळ नसणार.

१९२२ मध्ये मुलगा शंतनुराव आणि पुतण्या माधव यांना अमेरिकेत एमआयटीला पाठवण्यात आलं. माधवचं तिकडेच क्षयाने निधन झालं. शंतनुराव १९२६ मध्ये शिक्षण पुरं करून परतले. पदवीशिवाय कारखाना उभारलेल्या बापाने मुलाला मात्र जगातल्या नामांकित संस्थेत पाठवलं, ही विसंगती नाही. मासिकं वाचून किती पुढे जाता येतं आणि कुठे अडतं, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत होतं?

शेतमालाचे भाव कोसळले की नांगर पडून राहायचे. एकाच वस्तूवर अवलंबून राहण्याचा हा धोका होता. पंप, लेथ, लोखंडी फर्निचर अशी उत्पादनं आली. १९४१ मध्ये हरिहरला मैसूर किर्लोस्कर, १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स आणि बंगळूरला किर्लोस्कर इलेक्ट्रिक सुरू झाल्या. सूत्रं पुढच्या पिढीकडे गेली होती.

१९४८ मध्ये काय घडलं?

३० जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधींची हत्या झाली. मारेकरी ब्राह्मण असल्याचं समजताच पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मणांच्या घरांवर आणि मालमत्तेवर हल्ले सुरू झाले. किर्लोस्करवाडीवरही जमाव चालून आला आणि कारखाना पेटवला गेला.

आगीचं नुकसान यंत्रांच्या किमतीत मोजून भागत नाही. फाउंड्रीचा खरा ठेवा म्हणजे पॅटर्न, साचा बनवण्यासाठीचे लाकडी नमुने. एकेका नमुन्यात अनेक वर्षांच्या दुरुस्त्या मुरलेल्या असतात आणि लाकूड काही मिनिटांत जळतं.

ज्या वाडीत जातिभेदाला बंदी होती, तीच जातीच्या रागात होरपळली. लक्ष्मणराव तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. कारखाना पुन्हा उभा राहिला आणि उत्पादन सुरू झालं.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचं निधन झालं. जन्मशताब्दीला, २० जून १९६९ रोजी टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढलं. कुंडल रोड स्थानकाचं नाव आता किर्लोस्करवाडी आहे आणि तिथल्या कारखान्यात पंप बनतात.